त्रिपुरारीच्या होडीवर लावलेली 12 व्होल्टची ‘वॉटरप्रूफ’ एलईडी पट्टी, रिव्ह्यू

रेटिंग आधीच देऊन टाकतो, ज्याला घाई असेल त्याने इथूनच मागे फिरावं. पट्टीला पाचपैकी चार स्टार. बॉक्समधल्या बाकीच्या सामानाला, म्हणजे अ‍ॅडॅप्टर, रिमोट, कंट्रोलर आणि ते चिमटेवाले कनेक्टर, सगळ्यांना मिळून एक स्टार, आणि तो एक पण पुठ्ठ्याचा बॉक्स मजबूत निघाला, नंतर खिळे आणि वायरीचे तुकडे ठेवायला कामाला आला म्हणून.

ब्रँडचं नाव लिहीत नाही. लिहून उपयोग पण नाही, कारण हीच पट्टी ऑनलाइन कितीतरी नावांनी विकली जाते, फोटो तोच, त्याच स्विमिंग पूलच्या कडेला लावलेली, आणि आज जे नाव दिसतं ते पुढच्या महिन्यात शोधायला गेलात तर गायब. त्यामुळे नावापेक्षा खाली काय छापलंय ते बघा. आम्ही घेतलेल्यावर होतं 12 व्होल्ट डीसी, 2835 चिप, मीटरला 60 दिवे, वॉर्म व्हाईट, 5 मीटरचा रोल, वरून सिलिकॉनचा थर, मोठ्या अक्षरात वॉटरप्रूफ आणि बारीक अक्षरात आयपी 65. मोठी अक्षरं काय सांगतात आणि बारीक काय सांगतात यातच सगळी भानगड आहे. असे दोन रोल घेतले, एकेक साडेचारशेच्या आसपास पडला, आणि पोरांचा हट्ट म्हणून एक रंग बदलणारा आरजीबी रोल, रिमोटवाला. त्याच्याबद्दल वेगळं बोलायचंय मला.

आता कशासाठी घेतली ते सांगतो, कारण टीव्हीच्या मागे लावायला किंवा माळ्यावर लावायला घेणार असाल तर हा रिव्ह्यू तुमच्या कामाचा नाही, तिथे कुठलीही पट्टी चालते. आम्हाला लागली त्रिपुरारीच्या होडीसाठी. गोव्याबाहेरच्यांना माहीत नसेल, कार्तिक पौर्णिमेला साखळीला वाळवंटी नदीवर विठ्ठलापूरला मोठा उत्सव असतो, विठ्ठलाच्या देवळाच्या खाली नदीचा काठ माणसांनी भरून जातो, काठावर पणत्या, मध्यरात्रीच्या सुमाराला त्रिपुरासुराचा वध होतो आणि नदीत सजवलेल्या होड्या सोडतात, त्यांची स्पर्धा असते. या खऱ्या माणसं बसायच्या होड्या नव्हेत, आपण घरी बनवलेल्या प्रतिकृती, काही हातभर, काही बैलगाडीवर मावणार नाहीत एवढ्या. कुंभारजुव्याचा सांगोड वेगळा, तिथे गणपती विसर्जनाला होड्या एकमेकांना बांधून वर माणसं वेष धरून उभी असतात, त्यामुळे तिथे चार किलो वजन इकडे तिकडे झालं तरी कोणाच्या लक्षात येत नाही. शिवोलीचा सांजाव, तो पण सजवलेल्या होड्यांचाच सण, तर 24 जूनला, दिवसाउजेडी आणि भर पावसात, तिथे दिव्यांचा प्रश्नच येत नाही. आमच्याकडे मात्र सगळा खेळ अंधारातला आणि तरंगणारी वस्तू हलकी, म्हणून दिवे काय लावता आणि ते पेटते ठेवायला आत किती ओझं भरता यावर अर्धं काम असतं.

आणि वेळ नसतो हो. नरकचतुर्दशीपर्यंत वाड्यावरची सगळी पोरं नरकासुराचा पुतळा बनवण्यात गुंतलेली, पहाटे तो जाळून झाला की मग दोन दिवस कोणी झोपेतून उठत नाही, अमावस्येपासून पौर्णिमेपर्यंत मोजून पंधरा तिथी, त्यातच भाऊबीज, त्यातच तुळशीचं लग्न. 2024 ला पौर्णिमा 15 नोव्हेंबरला होती, 2025 ला 5 नोव्हेंबरला, तारीख बदलली तरी दिवाळीचा फराळ संपायच्या आत होडी तयार पाहिजे. अशा वेळी ऑनलाइन मागवलेली वस्तू खराब निघाली तर बदलून येईपर्यंत पौर्णिमा निघून जाते, हे लक्षात ठेवूनच सामान घ्यावं लागतं.

आमच्या नानांच्या वेळेला हे काही नव्हतं. केळीच्या खांबांचा तराफा, त्याच्यावर बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्याला रंगीत जिलेटिन पेपर आणि आत पणत्या नाहीतर मेणबत्त्या. नाना अजून म्हणतात की ती ज्योत हलायची तशी होडी जिवंत वाटायची, आणि खरं सांगायचं तर ते बरोबर आहे, एलईडीला ती मजा नाही. पण त्यांच्याच तोंडून हे पण ऐकलंय की वारा आला की निम्म्या ज्योती विझायच्या आणि एखादी कलंडली की जिलेटिन पेपर भुर्रकन पेट घ्यायचा, मग काठावरून आरडाओरडा. आता होडीत थर्माकोल असतो, सनबोर्ड म्हणजे प्लास्टिकच्या फोमचा हलका बोर्ड असतो, त्यात उघडी ज्योत ठेवायची म्हणजे आगीला आमंत्रण. म्हणून एलईडी, आणि म्हणूनच 12 व्होल्ट. काठावरच्या जनरेटरवरून 230 व्होल्टची वायर ओढून होडीवर घेऊ म्हणणारा एक तरी शहाणा दर वर्षी भेटतो, त्याला हात जोडा आणि चहा प्यायला पाठवा. खाली पाण्यात पोरं कमरेपर्यंत उभी असतात होडी धरून.

आता वॉटरप्रूफचं. आयपीनंतरचा पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. 65 मधला 5 म्हणजे पाण्याचा फवारा आला तर चालेल, एवढंच. 67 मधला 7 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडून राहिली तरी आत पाणी जाऊ नये. 68 त्याच्यापुढे, जास्त वेळ बुडवून ठेवायची. म्हणजे पाऊस आणि दंव यांना 65 पुरते, पण होडीच्या कडेला जिथे पाणी लागतं तिथे 67 पाहिजे, आणि दोन्ही बॉक्सवर मोठ्या अक्षरात वॉटरप्रूफ एवढंच लिहिलेलं असतं. दिसायला फरक असा की 65 वालीला वरच्या बाजूने जेलीसारखा थर ओतलेला असतो आणि खालची टेप उघडी, 67 वाली पूर्ण सिलिकॉनच्या नळीत घातलेली असते. आम्ही 65 घेतली, कारण ती हलकी आणि वळते चांगली, आणि पाण्याच्या रेषेवर लावायचीच नव्हती.

पण खरी गोष्ट आकड्यात पण नाही. बाजारातल्या एका इलेक्ट्रिकलवाल्याकडे सोल्डर वायर आणायला गेलो होतो, त्याने पट्टी हातात घेतली, कापायच्या खुणेवर नख फिरवलं आणि म्हणाला, “बाब, उदकांत घालतलो जाल्यार तोंड पयलीं बंद कर.” म्हणजे पाण्यात घालणार असशील तर आधी तोंड बंद कर, आणि तोंड म्हणजे कापलेलं टोक. ही पट्टी दर तीन दिव्यांनंतर, म्हणजे साधारण पाच सेंटीमीटरवर, कात्रीची खूण असते तिथे कापता येते, आणि कापली रे कापली की कंपनीने जे काही वॉटरप्रूफ केलेलं असेल ते त्या जागी संपलं. तांब्याचे दोन ठिपके उघडे पडतात. दव पडलं, पाणी उडालं, की त्या दोन ठिपक्यांमध्ये करंट चालू असताना तांबं हिरवं-काळं होत जातं आणि तेवढा भाग लुकलुकायला लागतो, मग बंद. होडीवर एक सरळ पाच मीटरची पट्टी कोणी लावत नाही, कापूनच लावावी लागते, त्यामुळे तुमच्या होडीवर जितके तुकडे तितकी दुप्पट तोंडं.

याच्यावर उपाय बॉक्समध्ये दिलेला आहे असं विक्रेता म्हणतो, ते पारदर्शक चिमटेवाले कनेक्टर. पट्टी आत सरकवायची, झाकण दाबायचं, झालं, सोल्डर नको. सिलिकॉनवाल्या पट्टीला ते बसतच नाहीत नीट, थर खरवडून काढावा लागतो, आणि खरवडून बसवलं तरी दोन्ही बाजूंना फट राहते, त्यातून पाणीच काय मुंगी पण जाईल. होडी उचलून काठावर नेताना जरा हादरा बसला की सुटतात. मी सगळे काढून टाकले आणि सरळ सोल्डर केलं. ज्याला सोल्डर येत नाही त्याने येणारा माणूस शोधावा, वाड्यावर एक तरी मोबाईल रिपेअरवाला असतोच.

सोल्डर झाल्यावर टोक बंद करायला सिलिकॉन सीलंट वापरतात, बाथरूमच्या फटीला लावतात ते. इथे एक गोष्ट लक्षात घ्या, हार्डवेअरवाला सांगत नाही. ट्यूब उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ते सिलिकॉन पट्टीला लावू नका. सुकताना त्यातून अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड सुटतं, ते तांब्याला खातं, म्हणजे पाण्यापासून वाचवायला गेलात आणि आतूनच गंज लावलात. न्यूट्रल क्युअर असं लिहिलेली ट्यूब मिळते, थोडी महाग, ती घ्या. त्याच्यावरून हीट श्रिंक नळी चढवली, लायटरने जरा दूरूनच आखडवली, आणि दोन्ही कडांना परत बोटाने सिलिकॉनचा लेप. प्रत्येक जोड असा करायला वेळ लागतो, कंटाळा येतो, बाजूला पोरं ‘झालं काय, झालं काय’ करत असतात. पण एवढं केल्यावर मी एक तुकडा मुद्दाम बादलीत टाकून रात्रभर पेटता ठेवला, सकाळी पेटलेलाच. पट्टीला चार स्टार आहेत ते यासाठी. वस्तू चांगली आहे, फक्त तिची टोकं तुम्हाला स्वतः बघायची आहेत.

मागची चिकटपट्टी विसरून जा. सनबोर्डला जरा धरते, थर्माकोलला अजिबात नाही, कापडाला तर प्रश्नच नाही. ग्लू गन गरम असते, थर्माकोलला भोक पाडते. रबर सोल्युशन लावलंत तर थर्माकोल डोळ्यांदेखत वितळतो, साधा पांढरा फेविकॉल चालतो पण तो सुकायला वेळ घेतो आणि पाण्याला टिकत नाही. आम्ही बांबूच्या कामट्यांना बारीक झिप टायने बांधली, सगळ्यात भारी तेच. जास्त आवळू नका, चिपच्या वर टाय आला तर चिप तडकते.

आता बॉक्समधलं बाकीचं. अ‍ॅडॅप्टर दोन अँपियरचा असं लिहिलेला, घरी टेस्ट करताना एक रोल लावला की गरम, दुसरा जोडला की पट्टी श्वास घेतल्यासारखी कमी-जास्त व्हायला लागली. हिशोब साधा आहे, 2835 ची मीटरला 60 दिव्यांची पट्टी मीटरला पाच वॉटच्या आसपास खाते, पाच मीटरला पंचवीसेक वॉट, म्हणजे 12 व्होल्टवर दोन अँपियर. अ‍ॅडॅप्टर एका रोललाच काठावर चालतो. नदीवर त्याचा उपयोग नाहीच, पण घरी तपासायला तरी नीट असावा की नाही.

आणि आरजीबी. पोरांना वाटत होतं होडी लाल, मग निळी, मग हिरवी होत नदीतून जाईल आणि लोक बघत राहतील. पहिली गोष्ट, रिमोट इन्फ्रारेड आहे, त्याला कंट्रोलरचा डोळा समोर दिसावा लागतो, घरात सोफ्यावरून चालतो, नदीच्या काठावरून होडीच्या पोटात ठेवलेल्या कंट्रोलरला काय कळणार? दुसरी, पट्टी वॉटरप्रूफ पण कंट्रोलर एकदम उघडा, प्लास्टिकची डबी, खालून हवा जायला फटी. तिसरी, आणि हे माझं मत आहे, ज्याला पटत नसेल त्याने सोडून द्यावं, त्रिपुरारीच्या रात्री काठावर हजारो पणत्या पेटलेल्या असताना पाण्यात एक वस्तू डिस्कोसारखी रंग बदलत जाते ते डोळ्याला खुपतं. नरकासुराच्या मागे डीजेवर चालतात ते दिवे, तिथे शोभतात. वॉर्म व्हाईट पणतीच्या रंगाच्या जवळ जातो, काठाशी जुळतो. कूल व्हाईट पण नको, ट्यूबलाईट लावल्यासारखी होडी दिसते. घेताना 3000 केल्विन किंवा त्याच्या आसपास लिहिलंय का बघा, 6000 लिहिलं असेल तर तो पांढरा फटक.

आरजीबी शेवटी वापरला नाही असं नाही, त्याचे लाल आणि थोडं हिरवं पेटवून नारिंगी केलं आणि कायमचं तिथेच ठेवलं, कंट्रोलर काढून. एवढंच करायचं होतं तर साधी पट्टी घेतली असती स्वस्तात. पण पोरं खुश.

बॅटरी हा मुद्दा पट्टीच्या रिव्ह्यूत कशाला म्हणाल, पण बॅटरीशिवाय ही पट्टी म्हणजे नुसती फीत. आमची होडी फतेमारीच्या, म्हणजे जुन्या शिडाच्या मालवाहू गलबताच्या आकाराची, दोनेक मीटर लांब, एक तिरकं शीड. यूपीएसमध्ये असते ती 12 व्होल्ट 7 अँपियर-अवरची सीलबंद बॅटरी घेतली, वजन दोन-सव्वादोन किलो. दोन रोल म्हणजे चार अँपियर, सातला चारने भागून पावणेदोन तास असं कागदावर येतं, पण तसं मिळत नाही, या बॅटरीचा तो आकडा वीस तासांत हळूहळू काढायच्या हिशोबाचा असतो, जोरात काढलं की कमी देते, आणि पूर्ण पिळून काढली की पुढच्या वर्षी चार्जच धरत नाही. म्हणून एका बॅटरीवर तासभर धरायचा, जास्त नाही. आम्ही दोन बॅटऱ्या पॅरललमध्ये, म्हणजे पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह आणि निगेटिव्हला निगेटिव्ह जोडून लावल्या, बरोबर मधोमध, एकदम तळाला. वजन खाली असलं की होडी डुलते पण कलंडत नाही, शिडाच्या बाजूला वारा लागला तरी परत उभी राहते. स्कूटरची बॅटरी लावणारे पण असतात, चालते. कारची काढून आणू नका, ती दहा किलोच्या घरात जाते आणि होडी नाकापर्यंत बुडते.

आणि फ्यूज लावा. पॉझिटिव्ह वायरवर बॅटरीच्या अगदी जवळ, वीस रुपयांचा गाडीतला पात्यासारखा फ्यूज, पाच-सात अँपियरचा. पट्टी 12 व्होल्टची आहे म्हणून शॉक लागत नाही हे खरं, पण बॅटरी शॉर्ट झाली तर वायर लाल होते, आणि ती वायर थर्माकोलमधून जात असते. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात याच्याबद्दल एक ओळ नाही.

एक अजून, रोलचं एक टोक जोडून सगळी पाच मीटर पेटवली तर शेवटच्या मीटरला उजेड कमी दिसतो. खराब पीस नाही, तांब्याची पट्टी पातळ असते आणि व्होल्टेज वाटेत गळतं. दोन्ही टोकांना वायर द्या नाहीतर मधून द्या, सारखा उजेड येतो. लोकं याच्यावरून एक स्टार देऊन मोकळे झालेत, त्यांना सांगायला पाहिजे.

लावायची कशी हे सगळ्यात मजेचं. आधी आम्ही पण सगळ्यांसारखी होडीच्या कडेने बाहेरून फिरवली होती, टेस्टला, अंगणात लाईट बंद करून. नुसते ठिपके दिसतात, डोळ्यात घुसतात आणि आकार दिसतच नाही, लांबून बघितलं तर लग्नाच्या हॉलचं गेट. मग नाना बाहेर आले, बघितलं, म्हणाले दिवा दिसला नाही पाहिजे, होडी दिसली पाहिजे. तेवढंच म्हणून आत गेले जेवायला. मग सगळी पट्टी आत घेतली. सनबोर्डच्या कडेच्या आतल्या बाजूला, तोंड आतमध्ये, म्हणजे उजेड समोरच्या पांढऱ्या भिंतीवर आदळून बाहेर येतो. शिडाला जुन्या धोतराचं कापड, आणि पट्टी शिडाच्या पायाशी आडवी ठेवून तोंड वर. खाली पिवळा उजेड घट्ट आणि वर चढता चढता विरत जातो, शिडाचं टोक जवळजवळ अंधारात. धोतराचा विणलेला धागा न धागा दिसत होता, एका जागी जुना रफू होता तो पण, आणि तो रफूच सगळ्यात छान दिसत होता. इथे मीटरला 60 ची पट्टी पुरते, 120 ची घेतलीत तर बॅटरी निम्म्या वेळात संपते आणि कापडावरच्या सुरकुत्या दिसायला लागतात.

पाण्यात प्रतिबिंब पडतं ते फुकटचं डेकोरेशन आहे, पण त्यासाठी उजेड कडेला खाली पाण्यावर पडायला पाहिजे. आम्ही होडीच्या ओठाखाली एक तुकडा खालच्या बाजूला तोंड करून लावला, पाण्यापासून वीतभर वर. तोच तुकडा सगळ्यात जास्त भिजणार हे माहीत होतं, म्हणून त्याची टोकं दुप्पट सिलिकॉनमध्ये.

प्रत्यक्ष रात्री काय झालं, तर आधी वाट बघणं. होडी टेम्पोतून उतरवली, काठावर ठेवली, नंबर लागेपर्यंत गर्दीत उभं. काठावर भजी, खाजं, चण्याची गाडी, पोरं बॅटरी सांभाळायची सोडून ऑम्लेट पाव खायला गेलेली. नोव्हेंबरात आमच्याकडे डोंगराच्या बाजूने रात्री गारवा उतरतो आणि दंव असं पडतं की डोक्यावर टॉवेल घ्यावा लागतो. होडी पाण्यात जायच्या आधीच अर्धी ओली होती, सनबोर्डवर थेंब. तिथे एका मंडळाची होडी, आमच्यापेक्षा कितीतरी मोठी, तीच चिमट्याच्या कनेक्टरची पट्टी लावलेली, एक बाजू लुकलुकायला लागली, पोरं टॉर्च धरून कनेक्टर दाबतायत, दाबला की पेटते, सोडला की बंद, शेवटी एका पोराने रबर बँड गुंडाळून चालवलं. वाईट वाटलं, काम फार सुंदर होतं त्यांचं.

आमची पाण्यात सोडली, दोघं जण कमरेएवढ्या पाण्यात मागून ढकलत होते, स्विच शेवटच्या क्षणी टाकला, कारण वाट बघण्यातच बॅटरी संपवायची नव्हती. एक लाट आली, म्हणजे बाजूच्या मोठ्या होडीच्या हलण्याने, आणि ओठाखालचा तुकडा सरळ पाण्यात गेला, परत वर आला, पेटलेलाच होता. पुढे पूर्ण फेरी होईपर्यंत काही बंद पडलं नाही. घरी आल्यावर बघितलं तर शिडाच्या पायाजवळचे तीन दिवे गेलेले, एकच कप्पा, ते पण टाय जास्त आवळलेल्या जागी. तेवढा पाच सेंटीमीटर कापून काढला, परत जोडला.

नंबर आला काय विचाराल, नाही आला. ज्यांना आला त्यांची होडी आमच्यापेक्षा चांगली होती आणि त्यांनी अर्ध्या भागात खऱ्या पणत्या ठेवलेल्या, काचेच्या चिमणीत, त्यामुळे वाऱ्याचा आणि आगीचा दोन्ही प्रश्न मिटलेले. बघून नाना एवढे खुश झाले की मंडळवाल्यांशी ओळख काढून बोलायला गेले.

विक्रेत्याची सर्व्हिस. एक अ‍ॅडॅप्टर घरीच जळाला, वास आला आणि गप्प. रिप्लेसमेंट टाकलं, मेसेज आला की पिकअप होणार, कुरिअरवाल्याचा फोन नाही काही नाही आणि संध्याकाळी स्टेटस की ग्राहक घरी नव्हते. आम्ही पाचजण अंगणात बसलेलो होडी चिकटवत. परत तक्रार, परत तेच. शेवटी रिटर्नची मुदत संपली आणि चॅटवर उत्तर आलं की वॉरंटीसाठी ब्रँडशी संपर्क करा, ब्रँडचा नंबर बॉक्सवर, लावला तर अस्तित्वात नाही. दोन वर्षांची वॉरंटी छापलेली आहे, ती फक्त छापायची. त्यामुळे त्रिपुरारीसाठी घेत असाल तर गणपती झाल्यावर लगेच मागवा, आल्या दिवशी पूर्ण रोल उलगडून तासभर पेटवून बघा, गुंडाळलेला पेटवू नका, गरम होतो. नाहीतर जवळच्या दुकानातून मीटरवर घ्या, मीटरला थोडे जास्त पडतात पण लावून दाखवतो आणि खराब निघाली तर समोर माणूस असतो.

उत्सवानंतर पट्टी साध्या पाण्याने पुसून, सुकवून, मोठ्या वेटोळ्यात गुंडाळून ठेवली, घडी घातली की आतली तांब्याची रेघ तुटते. ठेवली म्हणजे काय, महिनाभर पण राहिली नाही, डिसेंबरात शेजारच्या बाईंनी नाताळाच्या गोठ्यासाठी मागून नेली, गवताच्या आत लपवून लावली, आमच्यापेक्षा जास्त अक्कल वापरून. त्यांच्याकडे जानेवारीपर्यंत रोज संध्याकाळी चालत होती. जोड सगळे शाबूत.

परत घेणार का, तर रोल हाच घेणार, फक्त किट नको, सुटा. ओठाखालच्या तुकड्यासाठी या वेळी 67 ची नळीवाली एक मीटर वेगळी. तीन अँपियरचा अ‍ॅडॅप्टर दुकानातून आणलाय, टेस्टिंगला. आणि न्यूट्रल सिलिकॉनची ट्यूब एकदा उघडली की पुढच्या वर्षापर्यंत तोंडात सुकून दगड होते, तर लहानातली लहान मिळते ती घ्या.